अण्णांची हार्ड डिस्क आणि 'आथिर्क' मराठी

पुणे, रविवार, रात्रीचे साडेबारा

प्रिय भावड्या,

तुझा फोन दोनदा कट केला त्याबद्दल आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. दोन्ही वेळेला माझ्या एका हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हातात पालीची अंडी. खरंच सांगतोय. कराडच्या माळ्यावरचा अण्णांचा तो जुना पीसी आठवतो ना, डीटीपीच्या दुकानातला, ज्याच्यावर आपण अण्णा जेवायला गेले की गेम खेळायचो, तो उघडला होता.

झालं असं की आई सहज बोलून गेली, आजोबांनी कोयनेच्या भूकंपाचं सगळं अण्णांना सांगितलेलं आणि अण्णांनी ते दुकानात बसून टाईप करून ठेवलेलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, आजोबा तेव्हा पाटणजवळच राहायचे हे तुला माहितीच आहे. ते टायपिंग कुठंय म्हटलं तर "त्या डब्यात असंल". डबा म्हणजे पीसी.

डबा काही चालू झाला नाही. एसएमपीएसमधले (वीज पुरवणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर वडे फुगावेत तसे फुगलेले. मी जास्त नादाला लागलो नाही, नुसती हार्ड डिस्क काढून आणली. २० जीबीची, आयडीई, ती मागं ४० पिनांची रुंद पट्टीवाली, मास्टर-स्लेव्हचा जंपर असलेली. हल्ली असली पट्टी लावायला मदरबोर्डवर जागाच नसते, म्हणून तपकीर गल्लीत जाऊन यूएसबीचा ॲडॅप्टर आणला. दुकानदार म्हणाला पॉवरचा ठोकळा वेगळा घ्या साहेब, साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून ५ च मिळतात. मला वाटलं गंडवतोय, पण बरोबर होतं त्याचं.

डिस्क फिरली, पण मधूनच टक्... टक्... असा आवाज. अशा वेळी फाईली उघडून बघायचा मोह होतो ना, तो टाळायचा, कारण डिस्क मरणपंथाला लागलेली असली तर तुझी प्रत्येक क्लिक तिचं आयुष्य खाते. डीडीरेस्क्यू लावलं, खराब डिस्कवरून माल काढायचा प्रोग्रॅम. ते आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलतं, अडलं की तो तुकडा सोडून पुढं जातं आणि काय राहिलं ते मॅप फाईलीत लिहून ठेवतं, मग शेवटी राहिलेल्या तुकड्यांवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतं. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी थोडीशी जागा सोडून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, माझ्या एसएसडीवर. मग डिस्क काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात.

आता हजारो फाईली, नावं 'न्यू१', 'न्यू१फायनल', 'पाटील२', आणि तारखा बघाव्यात तर अर्ध्या फाईली एकाच वर्षाच्या १ जानेवारीच्या. मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सेल संपला की पीसी बंद करून चालू केला की घड्याळ पहिल्यापासून सुरू, आणि अण्णांनी तो सेल कधी बदललाच नसणार. म्हणजे तारखेवरून शोधायची सोय गेली.

मग म्हटलं शब्दावरून शोधू. इथं खरी गंमत आहे. फाईली कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या. म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं आतमध्ये इंग्रजीच आहे, नुसता फॉन्ट त्या अक्षरांना मराठी मुखवटा घालतो. कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना, दोन्ही मिळून पूर्ण भ. टाईपरायटरवरचीच रीत ती, अर्धं अक्षर मारा आणि पुढं दांडी द्या. 'भारत' म्हणजे एच-के-के-जे-आर. मी मग 'भूकंप' इंग्रजी अक्षरांत लिहिलं, एच-के-डब्ल्यू-डी-ए-आय, आणि अख्ख्या इमेजवर ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) मारलं. चहा ठेवून येईपर्यंत पाच ठिकाणी सापडलं. भावड्या, मी किचनमध्ये ओरडलो, बायकोला वाटलं गॅस सुटला.

फाईल निघाली पेजमेकरची, पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची. ती उघडायला आता पेजमेकर कुठून आणणार, पण लिबरऑफिस उघडतं रे, मला पत्ताच नव्हता. सगळा मजकूर आला, पण इंग्रजी कचऱ्यासारखा. आता त्याचं युनिकोड करायचं, म्हणजे कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच ओळखलं जाईल असं.

नेटवर कन्व्हर्टर आहेत, टाकून बघितलं, बरंचसं नीट आलं पण मधेमधे 'आथिर्क', 'मूतिर्' असलं काहीतरी. हे तू जुन्या मराठी लेखांतही बघितलं असशील. कारण सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाईप करायचं, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, जसं बोलतो तसं, आधी र्, मग थ, मग वेलांटी. एका थ ला दोन्ही चिकटले की वेलांटीला पुढं उडी मारायला लावायची आणि रफाराला मागं, आणि रफारानं मागं जाताना ती नुकतीच बसलेली वेलांटीही ओलांडायची. ते नाही केलं की रफार जागेवरच बसतो आणि पुढच्या क वर चढतो. म्हणून 'आथिर्क'. आपण इतकी वर्षं हसायचो की यांना शुद्धलेखन येत नाही.

मीच लिहिला मग कन्व्हर्टर, एक एचटीएमएल फाईल, आत साधी जावास्क्रिप्ट, ना फ्रेमवर्क ना पाचशे एमबीचं नोड मॉड्यूल्सचं गाठोडं. डबल क्लिक केलं की चालू. अजून १० वर्षांनीही चालेल. (ऑफिसात मी याच्या नेमकं उलटं करून पगार घेतो, हे कुणाला सांगू नकोस.) जावास्क्रिप्टला 'स्थिती'ची लांबी विचारली तर ६ सांगते, वेलांट्या, पाय मोडणं सगळं सुटं मोजून. आपल्या डोळ्यांना अक्षरं दोन. डोळ्यांना दिसतात तशी अक्षरं मोजायला सेगमेंटर म्हणून एक सोय आहे ब्राउझरमध्ये, ती जुनी असेल तर ३ म्हणते, कारण जोडाक्षर मधून तोडायचं नाही हा नियम युनिकोडनं २०२३ मध्ये घातला. २०२३!

तरी काही चिन्हं राहिलीच. अण्णा काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून नंबर मारून काढायचे, आणि त्यांच्याकडचा फॉन्ट कुणीतरी पदरचे बदल करून दिलेला, त्यामुळं नेटवरचा तक्ता जुळेना. दुकानात मॉनिटरशेजारी चिकटवलेला तो पिवळा कागद केव्हाच गेला. अण्णांना फोन केला, द्द चा नंबर काय होता? म्हणाले, "आता कुठं लक्षात राहतंय, २० वर्षं झाली." शनिवारी कराडला गेलो, लॅपटॉप पुढं ठेवला, तरी काही आठवेना. मग लक्षात आलं, लॅपटॉपला नंबरपॅडच नाही. स्टँडवरच्या दुकानातून साधा मोठा कीबोर्ड आणला. अण्णांनी चष्मा काढून ठेवला, डावा अंगठा ऑल्टवर, उजवा हात पॅडवर, मी म्हणायचं 'उद्देश' आणि त्यांनी मारायचं, बोटं आपोआप जायची. मी बाजूला बसून नंबर उतरवून घेत होतो. मधेच थांबवून विचारलं की हा कुठला, तर सांगता यायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून शब्द मारायला लागायचा. मॅन्युअल टाईपरायटरवर मराठी ३० (मिनिटाला ३० शब्द) पास झालेला माणूस आहे. एकवीस चिन्हं मिळाली.

रात्री सगळं त्यांच्या फोनवर दिलं. सात पानं आहेत. गुरं आधी ओरडली, मग भांडी पडली, मग आजोबांनी आजीला ओढत अंगणात आणलं, थंडीत सगळी आळी उजाडेपर्यंत बाहेर. अण्णांनी शांतपणे पूर्ण वाचलं आणि म्हणाले, तिसऱ्या पानावर 'आजीला'च्या जागी 'आजिला' पडलंय, ते तुझ्या मशीननं केलंय का माझं आहे? मूळ बघितलं. त्यांचंच होतं. दुरुस्त कर म्हणाले. मी म्हटलं राहू दे ना. नाही म्हणाले, गिऱ्हाईकाला असं द्यायचं नसतं.

पीडीएफ सोबत पाठवतोय, काकूंनाही वाचून दाखव, त्यांचं माहेर त्याच बाजूचं. आणि हो, ग्रेप मारताना अजून एक सापडलं, तुझ्या ताईची लग्नपत्रिका. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' च्या खाली लहान मुलांत तुझं नाव दोनदा छापलंय आणि धाकट्याचं नाहीच. आता कळलं तो अजून अण्णांशी नीट का बोलत नाही.

तुझा,
टकल्या