आई, ते चिनी औषध मी का आणणार नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, शांघायहून येताना आमवातावरचं चिनी औषध घेऊन ये, असं तू फोनवर म्हणालीस. मी ते आणणार नाही. नुसतं नाही म्हटलं तर तुला लागेल, म्हणून सविस्तर लिहितेय.

तू ऐकलंयस ती वेल म्हणजे लेइ गोंग थेंग. इकडे आमवातावर तिच्या गोळ्या डॉक्टर लिहून देतात. औषध असतं ते मुळाच्या आतल्या गाभ्याचं, साल पूर्ण काढून. पानं, फुलं, साल विषारी. ती पोटात जाऊन माणसं दगावली आहेत.

औषधाला गुण आहे, हे मी मान्य करते. बीजिंगच्या डॉक्टरांनी 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 207 रुग्णांपैकी काहींना तू घेतेस तीच मेथोट्रेक्सेटची गोळी दिली, काहींना ही वेल, काहींना दोन्ही. 24 आठवड्यांनी निदान निम्मा आराम पडलेले रुग्ण होते अनुक्रमे 46, 55 आणि 77 टक्के. आता तू म्हणशील, मग दोन्ही घेते की! पण कोणाला काय दिलंय हे त्या रुग्णांना ठाऊक होतं, आणि पुढे हाडांचं काय होतं ते सहा महिन्यांत कळत नाही. ही वेल तुझ्या गोळीसारखीच प्रतिकारशक्ती दाबते. यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी यांना तिचा त्रास होऊ शकतो. बायकांनी बरीच वर्षं घेतली तर हाडं विरळ होतात, आणि तुझी हाडं आधीच तशी आहेत. इथला रुग्ण ती घेतो तेव्हा त्याचं रक्त तपासणारा डॉक्टर समोर असतो. तुझ्यासमोर कोण असेल?

शिवाय पुडीत नेमकं काय आहे, हा प्रश्न उरतोच. फांग ची नावाचं मूळ सांधेदुखीवर देतात. 1990च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या औषधात ते घालायचं होतं, त्याजागी मिळत्याजुळत्या नावाचं ॲरिस्टोलोकिया हे विषारी मूळ गेलं. कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडेही दोन दिवसांत दुखणं थांबवणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. शेजारच्या काकूंनी आणून दिलं, तरी घेऊ नकोस. त्यांचा जीव आहे तुझ्यावर, पण पुडीत काय आहे ते त्यांनाही माहीत नाही.

सकाळी बोटं आखडलेली राहतात, वेणी घालता येत नाही, हे तू डॉक्टरांना सांगितलंस का? मला सांगतेस, त्यांना सांगत नाहीस. गोळीचं प्रमाण वाढवता येतं, जोडीला सल्फासलाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवातावरचीच दुसरी औषधं देता येतात. आधी हे होऊ दे.

बाबा, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज चुकूनही नाही. डबी तुमच्याकडेच ठेवा. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलंय तसं. यकृताची आणि रक्ताची शेवटची तपासणी कधी झाली ते बघा आणि रिपोर्टचे फोटो मला पाठवा. या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. त्या दिवशी मी फोनवर असेन, म्हणजे आईने काही गाळलं तर मी सांगेन.

तुमची,
धाकटी