एलेन होखच्या फोटोखाली राहिलेला मजकूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या ‘देखण्या’ महिला खेळाडूंचे फोटो छापलेत. त्यात नेदरलँड्सची हॉकीपटू एलेन होख आहे. फोटोखाली तिच्या केसांविषयी दोन ओळी आणि हसण्याविषयी एक. ती दिसायला छान आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ अशी ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं, रिओचं रौप्य, २०१४चा विश्वचषक आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार, यातलं काहीच तुमच्या तीन ओळींत मावलं नाही?

मी विद्यापीठाच्या संघात गोलकीपर होते. आमच्या वेळी बरोबरीचा सामना पेनल्टी स्ट्रोकवर सुटायचा. समोरची मुलगी सात यार्डांवरून चेंडू मारणार आणि आपण गोलरेषेवर पाय रोवून उभं राहायचं. पुढे शूटआउट आलं. आता खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते, तिच्याकडे आठ सेकंद असतात आणि गोलकीपर पुढे धावून येऊ शकते. हे आठ सेकंद फार लांब असतात हो! आपण आधी झेपावलो की संपलं. समोरची तेवढ्याचीच वाट पाहत असते.

लंडन ऑलिम्पिकच्या उपान्त्य सामन्यात नेदरलँड्स आणि न्यूझीलंड २-२ असे अडकले. शूटआउट नेदरलँड्सने ३-१ जिंकलं आणि निर्णायक गोल होखचा होता. शूटआउटवर ऑलिम्पिक सामना निकाली काढणारी ती पहिली खेळाडू. मग अंतिम सामन्यात अर्जेंटिनावर २-० अशी मात. भारताच्या मुली त्या ऑलिम्पिकला पात्रच ठरल्या नव्हत्या, त्यामुळे आपल्याकडे हे फारसं कुणी पाहिलं नसेल.

ती लोकप्रिय का, हे समजायला तिचा देशही पाहावा लागेल. तिथे हॉकी खेळणाऱ्यांत मुलांपेक्षा मुली जास्त. २०१४चा विश्वचषक तर द हेगला, घरच्याच प्रेक्षकांपुढे झाला. ऑस्ट्रेलियाला २-० हरवून त्यांनी तो जिंकला. अशा ठिकाणी एखादीचं नाव घरोघरी पोचतं ते खेळामुळे. मासिकांचे कॅमेरे मागून येतात.

पुढच्या वेळी निदान हातात स्टिक असलेला फोटो निवडा, एवढी विनंती.

आणि कौतुकच करायचं तर पूर्ण करू. रिओच्या अंतिम सामन्यात ब्रिटनशी ३-३ बरोबरी झाली आणि पुन्हा शूटआउट. ब्रिटनच्या गोलकीपर मॅडी हिंचने डच संघाला एकही गोल करू दिला नाही. होखचं सुवर्ण हुकलं, पण मी जन्माची गोलकीपर. त्या रात्री टाळ्या वाजवल्या त्या हिंचसाठी.

आपली,
एक माजी गोलकीपर, पुणे