सामानाच्या यादीबद्दल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या टॅटू स्टुडिओच्या सामानाची यादी मिळाली. खुर्ची, दिवे, भिंतीचा रंग यांतलं मला काही कळत नाही, ते तुझं तू ठरव. पण ‘निर्जंतुकीकरण’ असं लिहून त्याखाली जे तू चार ओळींत उरकलं आहेस, तेवढ्यावर मी भागवू देणार नाही. ऑपरेशन थिएटरची हत्यारं धुऊन, बांधून, ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून देण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुई कातडीखाली जाते म्हटल्यावर हे तुझंही काम झालं.

पहिलं म्हणजे यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांचं कपाट यादीतून खोड. निळा दिवा लागला की गिऱ्हाइकाला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. किरण जिथे थेट पडतो तिथलेच जंतू मरतात. सावलीत, खाचेत किंवा वाळलेल्या रक्ताच्या थराखाली तो पोचत नाही. उकळत्या पाण्याचंही तेच. बऱ्याच जंतूंना ते मारतं, पण स्पोअर, म्हणजे कवचात दडून बसलेले जंतू, त्यात टिकतात. डेटॉलमध्ये बुडवून ठेवणं तर निर्जंतुक करण्यात धरतच नाहीत.

सुयांबद्दल वाद नाही. कार्ट्रिज, म्हणजे मशीनला लावायची सुयांची नळकांडी, बंद पाकिटात, ईओ (इथिलीन ऑक्साइड) गॅसने निर्जंतुक होऊन येतात. पाकिटावरचा लॉट नंबर आणि मुदत बघ, फाटलेलं किंवा ओल लागलेलं पाकीट टाकून दे, आणि नवं पाकीट गिऱ्हाइकासमोरच फोड. मेम्ब्रेन असलेलीच कार्ट्रिज घे. आतला तो पातळ पडदा नसेल तर रक्त आणि शाई मागे ग्रिपमध्ये, म्हणजे मशीन धरायच्या पोकळ मुठीत, आणि तिथून मशीनमध्ये शिरते. मशीनमध्ये मोटर असते, ते ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाही. एकदा आत रक्त गेलं की पुढच्या प्रत्येक माणसापर्यंत ते जाऊ शकतं, सुई कितीही नवी असली तरी.

स्टीलच्या ग्रिपचा तुझा हट्ट मला समजतो, हातात वजन छान बसतं म्हणतेस. तरी माझं मत आहे की पहिलं वर्ष-दोन वर्षं वापरून टाकायच्याच ग्रिप घे. आम्हाला सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात, सगळ्यात जास्त धाक असायचा तो पोकळ नळीचा. बाहेरून लखलखीत आणि आत काय आहे ते दिसत नाही. स्टीलच घ्यायचं ठरवलंस, तर पुढचं सगळं रोज करावं लागेल. थकलीस म्हणून एखादा दिवस सोडून चालणार नाही.

काम संपल्या संपल्या ग्रिप एन्झाइमच्या द्रावणात बुडव. करपलेल्या दुधाचं पातेलं लगेच भिजत घातलं नाही तर काय होतं, ते तुला ठाऊक आहे. रक्त तसंच वाळतं. पाणी कढत नको, त्याने रक्तातली प्रथिनं धातूवर आणखी घट्ट बसतात. जाड हातमोजे घालून, पाण्याखालीच नळीत ब्रश फिरव, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. मग झाकण लावून अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र, मग खळखळून धुणं, कोरडं करणं आणि शेवटी पाऊच, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची कागदी पिशवी. अल्ट्रासोनिक फक्त मळ काढतं, जंतू मारत नाही. मळ राहिलेली वस्तू ऑटोक्लेव्हमधून काढली तरी ती निर्जंतुक झाली असं मी कधीच म्हणणार नाही, कारण वाफ मळाच्या आतपर्यंत पोचलेली नसते.

ऑटोक्लेव्ह जुना घेतलास तरी हरकत नाही, पण गॅस्केट, म्हणजे झाकणाचं रबर, आणि दाबाचा काटा तपासून घे. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाऊचमधल्या वस्तूंना १५ पौंड दाबाला, १२१ अंशांवर ३० मिनिटं लागतात. ही मिनिटं तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. मध्येच लाइट गेली तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. आतली हवा पूर्ण निघाली पाहिजे. जिथे हवा अडकते तिथे वाफ जात नाही, म्हणून पाऊच ठासून भरू नकोस, एकावर एक आडवे न रचता उभे लाव. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष ज्याकडे होतं ते सांगते: ओला पाऊच निर्जंतुक नाही. कागद ओला असला की बाहेरचे जंतू ओलीबरोबर आत शिरतात. वाळायची वेळ पूर्ण दे. ओला निघाला तर फोड आणि पुन्हा पहिल्यापासून लाव, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं असलं तरी.

पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला की लोक निर्धास्त होतात. ती पट्टी फक्त एवढंच सांगते की पाऊच आत जाऊन आला. जंतू मेले का, ते स्पोअर टेस्टवरून कळतं. जिओबॅसिलस नावाच्या, उष्णतेला भयंकर चिवट जंतूची छोटी कुपी सामानाबरोबर आत ठेवायची आणि नंतर उबवून बघायची. आत काही वाढलं तर ऑटोक्लेव्ह नापास, आणि त्या आठवड्यातलं सगळं पुन्हा लावायचं. दर आठवड्याला कर, वही ठेव, तारीख आणि सही घाल. कुणी मागितली की दाखवता आली पाहिजे.

शाईचं तुझ्या यादीत काहीच नाही. ग्रे वॉशसाठी, म्हणजे करड्या छटांसाठी, शाई पातळ करताना नळाचं पाणी नको, फिल्टरचं नको, आणि दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरही नको. डिस्टिल्ड म्हणजे क्षारमुक्त, निर्जंतुक नव्हे. अमेरिकेत रोचेस्टरला २०११-१२ मध्ये टॅटू काढलेल्या १९ जणांच्या कातडीवर पुरळ आणि गाठी उठल्या. त्यातल्या १४ जणांत मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा जंतू पक्का सापडला. कलाकाराने स्टुडिओत काही चूक केली नव्हती. आधीच पातळ करून आलेल्या शाईतच तो होता, आणि ती करताना डिस्टिल्ड पाणी वापरलं होतं. तेव्हा इंजेक्शनसाठी मिळतं ते निर्जंतुक पाणीच वापर, आणि कपातली उरलेली शाई परत बाटलीत कधीही ओतू नकोस.

सगळे एचआयव्हीचं विचारतात. माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो हिपॅटायटिस बी. वाळलेल्या रक्तात तो निदान सात दिवस टिकतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीचं हेच प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये हिपॅटायटिसचंच कारण देऊन टॅटूवर बंदी घातली, ती १९९७ पर्यंत उठली नाही. आजीच्या हातावरचं गोंदण तू कौतुकाने कागदावर उतरवून घेतलंस. ते गोंदणाऱ्या बाईने त्या दिवशी सगळ्या आळीतल्या मुली त्याच सुयांनी गोंदल्या होत्या. तिला हे सांगणारं कुणी नव्हतं. जत्रेत मशीन घेऊन बसणाऱ्या कितीतरी जणांना आजही कुणी सांगत नाही.

हातमोजे घातल्यावर मोबाइलला हात लावायचा नाही. लावलास तर मोजे बदल. स्प्रे बाटली, वायर, दिव्याची मान, जिथे जिथे हात जातो तिथे प्लास्टिक चढव आणि प्रत्येक माणसानंतर फेक. व्हॅसलीन डब्यातून बोटाने न काढता नव्या चमच्याने काढ. रक्त सांडलं तर त्यावर एक टक्का हायपोक्लोराइटचं (ब्लीचचं) द्रावण, रोज ताजं केलेलं, आणि ते दहा मिनिटं तरी तसंच राहू दे. स्टीलवर मात्र नको, गंजेल.

वापरलेली कार्ट्रिज पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. तो डबा घंटागाडीत जाणार नाही. ओला-सुका कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या मावशींना ती सुई टोचते आणि त्यांना ती कुणाच्या रक्ताची हे कधीच कळत नाही. जवळच्या एखाद्या दवाखान्यात जाऊन विचार, त्यांचा जैववैद्यकीय कचरा कोण उचलतं. त्याच संस्थेकडे तुझीही नोंदणी होते का बघ. जागेच्या करारावर सही करण्याआधी हे ठरलेलं असू दे.

तुझे हिपॅटायटिस बीचे दोन डोस झालेत. तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, तो चुकवायचा नाही. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी कर, आकडा १० च्या वर आला पाहिजे. तोवर सराव कृत्रिम कातडीवर कर, उद्घाटन पुढे गेलं तरी चालेल. मदतीला जो मुलगा ठेवणार आहेस त्यालाही तिन्ही डोस द्यायचे, खर्च तुझा. रिपोर्ट आला की फोटो पाठव.

तुझी,
आई