पगाराची तारीख आणि लेवीयचा १९वा अध्याय

प्रिय बाळा,

आईचे आशीर्वाद.

कळंगूटच्या त्या गेस्ट हाऊसचा सगळा कारभार आता तुझ्याकडे आला, हे ऐकून पप्पा आणि मी दोघंही आनंदलो. पण फोनवर तू म्हणालास, "सीझनमध्ये चर्चमधली रविवारची मिस्सासुद्धा धड मिळत नाही, मग ख्रिस्ती म्हणून मी वेगळं काय करतोय?" ते तुझं वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मिस्सा चुकवू नकोस. सकाळची नाही जमली तर संध्याकाळची गाठ. तेवढं सांगून तो विषय मी सोडते, कारण तुझा खरा प्रश्न उरलेल्या सहा दिवसांचा आहे.

बायबलमध्ये लेवीयचा १९वा अध्याय काढ. सुरुवातीलाच देव म्हणतो, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. आता पुढे उपास नि प्रार्थना येतील असं वाटतं. येतं ते वेगळंच. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. तराजू आणि मापं खरी ठेवा. आणि अशा कितीतरी आज्ञांच्या शेवटी 'मी परमेश्वर आहे' असं येतं, जणू प्रत्येक ओळीखाली त्याने सही केली आहे. देवाचा स्वभाव कुठे दिसायला हवा, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलंय: मजुरीत, मापात, परक्याशी बोलण्यात.

म्हणून माझं पहिलं मागणं पगाराचं. तुझ्याकडची मुलं कर्नाटकातून, झारखंडातून आलेली. पगार झाला की त्यांच्या घरी पैसे जातात, तेव्हा तिकडे उधारी फिटते. मालकाचे पैसे यायला उशीर झाला तर तो उशीर गुपचूप त्यांच्या माथी मारू नकोस. मालकाशी भांड, पण तारीख पाळ. जूनमध्ये पाऊस लागला की खोल्या रिकाम्या पडतात आणि माणसं कमी करायची वेळ येते. ती येणार असेल तर मे महिना उजाडायच्या आधीच सांग, म्हणजे त्यांना दुसरीकडे काम शोधता येईल.

आणि 'घाटी' हा बाहेरून आलेल्यांना हिणवणारा शब्द तुझ्या तोंडी कधी येऊ देऊ नकोस. तुझ्यासमोर दुसरा कोणी बोलला तर तिथेच थांबव. त्याच अध्यायात देव सांगतो, परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परदेशी होता. बाळा, आपण वेंगुर्ल्याहून म्हापशाला आलो तेव्हा आपणही 'भायले'च, म्हणजे बाहेरचेच, होतो. घर भाड्याने देताना लोक चार प्रश्न जास्त विचारत. ते दिवस मनात राग धरायला आठवू नकोस. समोरच्या मुलाला कसं वाटत असेल, ते कळायला आठव.

दया म्हणजे सगळं चालवून घेणं, असं मात्र समजू नकोस. कोणी हिशेबात चोरी केली तर त्याला एकट्याला बोलावून स्पष्ट विचार. गरीब आहे म्हणून खोटी बाजू घेऊ नका आणि मोठा आहे म्हणून भिऊ नका, हेही तिथेच लिहिलंय. तोच नियम गिऱ्हाइकाला. वेबसाइटवर समुद्र दिसणाऱ्या खोलीचा फोटो आणि हातात मागची खोली, हे खोटं मापच झालं. पप्पांच्या दुकानातला तराजू तू लहानपणापासून पाहिला आहेस, त्यामुळे याबद्दल जास्त लिहीत नाही.

आपल्या गोव्याचे संत जुझे वाझ घे. १६५१ साली बाणावलीत जन्म. १६८७ मध्ये ते श्रीलंकेला गेले तेव्हा किनाऱ्यावर डच सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती, म्हणून मजुराच्या वेषात उतरले. पुढे कँडीत देवीच्या रोगाची साथ आली. लोक आपल्याच आजारी माणसांना टाकून पळत होते, तेव्हा वाझबाब त्यांना आसरा देत, खाऊ घालत, त्यांच्या जखमा धूत. आपला धर्म कोणता आहे, हे त्यांना तिथे वेगळं सांगावं लागलं नसेल, असं मला मनापासून वाटतं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं, पण मला ते त्या जखमा धुताना जास्त जवळचे वाटतात.

डिसेंबरात तू थकशील, चिडशील. तेव्हा देव मंदक्रोध आहे हे आठव, आणि तो तुझ्याशीही तसाच वागतो हे आधी आठव. त्याची दया आपल्याला आधी मिळालेली असते, म्हणूनच ती पुढे देता येते. नुसत्या जिद्दीने चांगलं वागायला गेलास तर नाताळपर्यंतच दमून जाशील. रोज सकाळी रिसेप्शन उघडण्याआधी पाच मिनिटं प्रार्थना कर, कामाला असलेल्या एकेकाचं नाव घेऊन.

पगाराची तारीख कोणती ठरवलीस ते कळव. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा त्या झारखंडच्या मुलाला जेवायला घेऊन ये. त्याला मासे चालतात का, ते आधी विचार.

तुझी,
आई