व्याजाचं मी पाहतो

मानेवाडा, नागपूर
रविवार, रात्री

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू इंजिनीअरिंग सोडायचं म्हणालास आणि फोन मीच आपटला. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलली नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहून राहिलो.

तू पुण्याला गेल्यावर गादी उचलली, तर खाली लग्नपत्रिका सापडली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं तुझ्या कर्जाचा हिशेब केलेला. 6 लाख 40 हजार, साडेनऊ टक्के, दहा वर्षं, हप्ता 8,281, एकूण जवळजवळ दहा लाख. खाली दोनदा रेघ ओढून लिहिलं होतंस, 'कशासाठी?' मी दोनदा मांडून पाहिलं, हिशेब बरोबर आहे. तुझा आठ अजून दुसरीतल्यासारखाच, एकावर एक दोन गोळे ठेवल्यासारखा. तो पाहून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

एक गोष्ट मनातून काढून टाक. घर गहाण नाही. साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, मी फक्त सहकर्जदार आहे. कोर्स संपल्यावरही एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. आत्ता उचललेत 3 लाख 20 हजार, त्याचं महिन्याला अडीच हजार व्याज मी भरतो, म्हणजे पुढे डोंगर होत नाही. काटोलच्या वावराचं काकांशी माझं बोलणं झालं आहे, त्यात तू पडू नकोस.

व्याजाचा विषय काढायचाच नाही असं ठरवून बसलो होतो.

तू म्हणालास, आयटीआय केलेला पिंटू बुटीबोरीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मशीन, चालवतो आणि डिग्रीवाले पोट्टे त्याच्यापेक्षा कमी पगारावर लागतात. खरं आहे. मी रोज हिंगण्याला कंपनीत पाहतो. म्हणून तर परवा उत्तर सुचलं नाही आणि ओरडलो. नुसत्या कागदाला कोणी पैसे देत नाही, त्यामागे चार वर्षं नीट घासावी लागतात, वर्कशॉपमध्ये हात काळे करावे लागतात, लॅबच्या वह्या दुसऱ्याच्या उतरवून... जाऊ दे. पुन्हा तेच सुरू झालं माझं. रागावू नको.

1991 साली बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेजातून नाव काढून घेतलं. आजोबा तेव्हा एम्प्रेस मिलमध्ये होते, दम्यानं रात्र रात्र उशीला टेकून बसायचे. मला कोणीही कॉलेज सोड म्हणालं नव्हतं. मीच मनाशी हिशेब केला, तुझ्यासारखाच, आणि हेल्पर म्हणून लागलो. आजोबांना आठ दिवसांनी कळलं. ते काहीच बोलले नाहीत. माझी सायकल पुसत बसले.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एका शाफ्टचं माप सारखं वेगळं येत होतं. नवीन साहेब तुझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल, मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, जोरानं आवळत होता. मी त्याला रॅचेट, म्हणजे त्याच्या टोकाची फिरकी, धरून दाखवलं, तीन टिकटिक ऐकू आल्या की थांबायचं. पोरगा चांगला आहे, काका म्हणतो मला. माप जुळलं, त्यानं तपासणीच्या कागदावर सही केली आणि जॉब पुढे गेला. ती सही मला करता येत नाही. तीस वर्षांत एकदाही करता आली नाही.

तू पहिल्या सेमिस्टरला मशीन ड्रॉइंगची शीट घरी आणली होतीस, ती मी डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेली होती. तुला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना दाखवली.

तुला विषयच आवडत नसेल, वर्गात जीव रमत नसेल, तर तसं सांग. मी ऐकून घेईन. वाईट वाटेल, पण ऐकीन. आयटीआय कर, मीच सोबत येईन फॉर्म भरायला. फक्त ते अडीच हजार पाहून सोडू नको. माझा ओव्हरटाइम चालू आहे, गुडघाही आता ठीक आहे. आई काही वेगळं सांगेल, तिचं ऐकू नको.

मेसची भाजी पानचट असेल तर दही घेत जा. तिखटाची बरणी बॅगच्या डाव्या कप्प्यात आहे.

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख 12 म्हणाला होतास. फी खात्यात टाकली आहे. भरलास की फोन कर. रात्रपाळी आहे, बाराला जेवणाची सुट्टी होते, तेव्हा केलास तरी चालेल. मी उचलीन.

तुझे
बाबा