हॅरॉल्ड बाणाने हरला नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत १०६६ च्या हेस्टिंग्ज लढाईवर लेख आला. 'राजा हॅरॉल्डच्या डोळ्यात बाण लागला आणि इंग्लंड नॉर्मनांच्या हाती गेले' यावरच त्याचा सगळा भर आहे. चित्र मनात ठसते, पण खरे कारण त्यामागे झाकले जाते. हॅरॉल्डचा घात शिध्याने केला, आणि तोही लढाईच्या पाच आठवडे आधी.

त्या काळची फौज, म्हणजे 'फर्ड', कशी उभी राहायची हे डूम्सडे बुकातल्या, म्हणजे नॉर्मन राजवटीत झालेल्या जमिनींच्या नोंदवहीतल्या, बर्कशायर परगण्याच्या नोंदीत आहे. पाच 'हाइड' (जमिनीचे एक माप) जमिनीमागे एक शिपाई. प्रत्येक हाइडने त्याला चार शिलिंग द्यायचे, म्हणजे वीस शिलिंगांत दोन महिन्यांची चाकरी. अशी फौज हॅरॉल्डने उन्हाळाभर दक्षिण किनाऱ्यावर धरून ठेवली. नॉर्मनांचा ड्यूक विल्यम समुद्रापलीकडे, फ्रान्सच्या किनाऱ्यावर, अनुकूल वाऱ्यासाठी खोळंबला होता. ८ सप्टेंबरला इंग्लिश फौजेचा शिधा संपला, माणसे घरी पाठवावी लागली आणि किनारा उघडा पडला.

त्याच महिन्यात नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा सुमारे ३०० जहाजे घेऊन उत्तरेत उतरला. सोबत हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग होता. २० सप्टेंबरला फुलफर्डला उत्तरेचे दोन्ही अर्ल, म्हणजे तिथले मोठे सरदार, हरले. हॅरॉल्डने लंडनहून तीनशे किलोमीटरची मजल मारून २५ तारखेला स्टॅमफर्ड ब्रिजला शत्रूला बेसावध गाठले. हार्डराडा आणि टॉस्टिग दोघेही पडले. उरलेल्या माणसांना परत न्यायला अवघी २४ जहाजे पुरली. एवढा मोठा विजय, पण तीनच दिवसांनी विल्यम पेव्हन्सीला उतरला, तेव्हा त्याला अडवायला किनाऱ्यावर कोणी नव्हते.

पुढे मात्र चूक हॅरॉल्डचीच. लंडनमध्ये थांबून त्याने फौज जमू द्यायला हवी होती. परक्या मुलखात हिवाळा तोंडावर आला असता विल्यमलाच माणसे आणि घोडी पोसणे जड गेले असते. म्हणून तर हॅरॉल्डला लवकर लढाईत ओढायला विल्यमने आसपासची गावे जाळायला घेतली. ती जमीन हॅरॉल्डच्या घराण्याची होती. या स्वारीची चित्रकथा सांगणाऱ्या, फ्रान्समधल्या बायो गावच्या जुन्या भरतकामात हे दिसते: दोन माणसे घराला आग लावताहेत आणि एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडते आहे. हॅरॉल्ड डिवचला गेला, आणि सगळी माणसे पोचण्याआधीच १४ ऑक्टोबरला लढाईला उभा राहिला.

त्या दिवशीही जागा त्याने उत्तम निवडली होती. टेकडीच्या माथ्यावर ढालींची भिंत, आणि पुढे लांब दांड्याच्या कुऱ्हाडी घेतलेले हाउसकार्ल, म्हणजे राजाच्या पदरचे कसलेले शिपाई. ही कुऱ्हाड दोन्ही हातांनी चालवावी लागते, त्यामुळे वार करताना ढाल हातात राहत नाही. शेजारच्या माणसाची ढाल हाच आडोसा. म्हणूनच रांग तुटणे घातक. विल्यमच्या डाव्या बगलेचे ब्रेटन (फ्रान्समधल्या ब्रिटनीचे सैनिक) पळाले तेव्हा काही इंग्लिश शिपाई त्यांच्या मागे उतारावर धावले, आणि सपाटीवर घोडदळाने त्यांना कापून काढले. पुढे नॉर्मनांनी पळाल्याचे सोंग करून हेच पुन्हा घडवले. सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली लढाई तरीही अंधार पडेपर्यंत चालली. इतका वेळ ती भिंत टिकली, हे लेखात एका ओळीनेही आलेले नाही.

आता बाणाविषयी. बायोच्या त्याच भरतकामात 'राजा हॅरॉल्ड मारला गेला' या लॅटिन अक्षरांखाली दोन माणसे आहेत. एक तोंडाजवळ दांडा धरून उभा आहे, दुसरा घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळतो आहे. यांतला राजा कोणता, की दोन्ही तोच, यावर अभ्यासकांत एकमत नाही. या भरतकामाच्या अठराव्या शतकातल्या रेखाटनात पहिल्या माणसाच्या हातातल्या दांड्याला पिसे नाहीत, आणि कापडाची डागडुजी त्यानंतर झाली आहे. एवढ्या आधारावर बाण ठामपणे सांगता येत नाही.

आणखी एक दुरुस्ती. हॅरॉल्ड हा राज्याभिषेक झालेला शेवटचा अँग्लो-सॅक्सन राजा. त्याच्यानंतर लंडनच्या सरदारांनी एडगर या किशोरवयीन राजपुत्राला राजा निवडले होते. अभिषेकाआधीच तो बर्कमस्टेडला विल्यमला शरण गेला, आणि २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरमध्ये मुकुट विल्यमच्या डोक्यावर चढला. लेखातल्या राजांच्या यादीत एडगरचे नाव तेवढे घालावे, ही विनंती.

— एक वाचक, सातारा