समोर बसणाऱ्या माणसाविषयी

ठाणे, १८ जानेवारी

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

पोर्ट्रेट, पक्षी, लग्नसमारंभ की रस्त्यावरचे छायाचित्रण, यांपैकी नेमके काय निवडावे हा तुझा प्रश्न आठवडाभर माझ्या मनात घोळतो आहे. अजून दोन-तीन वर्षे सगळेच करून पाहा, असे माझे मत आहे. मात्र पोर्ट्रेटबद्दल, म्हणजे माणसाच्या व्यक्तिचित्राबद्दल, मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

गेल्या फेब्रुवारीत आपण ऐरोलीहून खाडीत बोटीने गेलो होतो. भरती-ओहोटीच्या वेळा तू आदल्या रात्रीच वहीत उतरवून घेतल्या होत्यास, आणि रोहित पक्ष्यांचा थवा उडेल तेव्हा फोटो धूसर येऊ नये म्हणून शटरचा वेग १/२००० सेकंदावर लावून तासभर एक शब्दही न बोलता बसून राहिलीस. त्याच आठवड्यात चेंदणी कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या मावशींचा फोटो मात्र तू रस्त्याच्या पलीकडून, पक्ष्यांसाठीच्या त्याच ४०० मिमीच्या, लांबचे जवळ दाखवणाऱ्या लेन्सने, अर्ध्या मिनिटात काढलास आणि त्यांनी मान वर करण्याआधी आपण तिथून निघालो. रस्त्यावरच्या छायाचित्रणात न सांगता टिपण्याला स्थान आहे, हे मला मान्य आहे. पण तू त्याला पोर्ट्रेट म्हणालीस, आणि तिथे माझे मन अडले.

चेहरा जवळून घेतला की नाक मोठे दिसते, ते लेन्समुळे नव्हे तर अंतरामुळे, हे तूच मला समजावले होतेस. म्हणून खांद्यापर्यंतच्या फोटोसाठी ८५ मिमीची लेन्स घेऊन दीड-दोन मीटरवर उभे राहतात, असेही तू म्हणाली होतीस. दीड-दोन मीटर म्हणजे ओट्यावर बसून गप्पा मारण्याचे अंतर, गं. तेवढ्यावरून माणसाशी बोलल्याशिवाय राहवतच नाही. ४०० मिमीने तीच चौकट सात ते नऊ मीटरवरून मिळते आणि बोलणे टळते.

छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात, १८४० च्या आसपास, एका चित्राला कधी कधी काही मिनिटे लागत आणि डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. तो आधार गेला हे बरेच झाले, पण समोरच्या माणसाला दिलेला वेळ जाऊ नये.

आजीचे तू दिवाळीत काढलेले फोटो मी पुन्हा पाहिले. पहिल्या वीस फोटोंत ती ताठ बसली आहे, पदर नीट, ओठ मिटलेले. मग तिने "झालं का गं?" म्हणून चष्मा काढला, खिडकीकडे तोंड केले, आणि एकविसाव्या फोटोत तिच्या दोन्ही बुबुळांत खिडकीचा लहानसा पांढरा चौकोन उतरला आहे, नाकावर चष्म्याचे दोन वळही दिसतात. ती आजी मला माहीत आहे. तू एकविसाव्या फोटोपर्यंत थांबलीस म्हणून ती मिळाली.

बाजारात लोक टक लावून पाहतात म्हणून तुला संकोच वाटतो, हे मी जाणतो आणि ते क्षुल्लक मानत नाही. होमाई व्यारावाला १९३० च्या दशकात जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होत्या आणि पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांच्याकडे तर किती नजरा वळल्या असतील. कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी बोलावे, भाव विचारावा, नाव विचारावे, आणि नको म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे, एवढे तुला नक्की जमेल.

तुला न विचारता मी एक गोष्ट केली आहे. मावशींच्या त्या फोटोची मोठी प्रिंट काढून मी परवा त्यांना नेऊन दिली. त्यांनी पदराला हात पुसले, प्रिंट कडेने धरली आणि बराच वेळ पाहून म्हणाल्या, "नजर खाली हाय माझी. पोरीला सांगा, समोर बसून काढ म्हणावं."

त्या सकाळी अकरापर्यंत तिथे असतात. होळीला येशील तेव्हा ८५ ची लेन्स सोबत आण.

तुझे बाबा